ओरखड्यांवर पास झालेलं पोलाद

ल्युबित्सानं स्क्रीनवरचा पोलादाचा फोटो मोठा केला आणि तिच्या तोंडून शिवीच गेली.

"काय झालं गं?" पोलादाचे तुकडे घासून चकचकीत करणाऱ्या सेलानं विचारलं.

"घासताना राहिलेले ओरखडे कणांच्या सीमा म्हणून मोजलेत या प्रोग्रामनं! एका कणाचे चार केलेत!"

न्यूकॅसलच्या बंदरामागच्या त्या मिलमध्ये पूर्वी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पोलादाचे कण मोजायचे. ल्युबित्सानं दोन वर्षं खपून ते काम कॅमेऱ्यावर आणि प्रोग्रामवर आणलं होतं. कण बारीक, तर पोलाद चिवट. मोठे असले, तर थंडीत ठिसूळ. आणि या प्लेटा जाणार होत्या दक्षिण ध्रुवाजवळच्या बर्फात फिरणाऱ्या जहाजासाठी.

प्रोग्रामची संवेदनशीलता कुणीतरी वाढवून ठेवली होती, म्हणून कण बारीक दिसून प्लेटा पास झाल्या होत्या. ती तिनं पूर्ववत केली, पुन्हा मोजलं. प्लेटा सपशेल नापास. ती तडक मॅनेजर गॅरथच्या केबिनमध्ये घुसली.

"सेटिंगला हात कुणी लावला?"

"मी लावायला सांगितलं," तो शांतपणे म्हणाला. "तुझं यंत्र फार काटेकोर आहे, ल्युबी. जुनी माणसं असल्या प्लेटा डोळे झाकून सोडायची."

"त्यांनी झाकले असतील. आता दाखल्याखाली सही माझी जाते! जहाज फुटलं तर तू जाणारेस का त्या पाण्यात?"

"आवाज खाली घे."

"नाही घेत!"

बाहेर त्याच प्लेटा भरून ट्रक निघाला होता. ल्युबित्सा धावत जाऊन त्याच्या पुढ्यात उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "बाई, मरायचंय का?"

"माल उतरव. खराब आहे."

तो उतरवेना. शेवटी सेलानं वरच्या साहेबांनाच गाठून आणलं. त्यांच्यादेखत एक नमुना थंड करून घणाखाली ठेवला. काच फुटावी तसा तो फुटला. ट्रक रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर गॅरथ हसत म्हणाला, "आपल्या नव्या यंत्रणेनं दोष वेळेवर पकडला, याचा अभिमान आहे."

टाळ्या सुरू झाल्या. ल्युबित्सा उठली.

"यंत्रणेनं नाही पकडला. तिला तू खोटं बोलायला लावलंस, गॅरथ. काय केलंस ते सांग सगळ्यांना. नाहीतर मी सांगते."

टाळ्या थांबल्या. गॅरथ समोरचे कागद आवरू लागला. मग तिनंच सांगायला सुरुवात केली.