गेटावरचं टोपडं

“पाळणे कुठे नेताय?” मी टेम्पोसमोर जाऊन उभी राहिले.

सकाळी पालिकेच्या साहेबांनी प्रसूतिगृहाचं कुलूप काढलं, तेव्हा आम्ही बायांनी टाळ्या वाजवल्या होत्या. वाटलं, उघडलं एकदाचं. तर आतून आधी खाटा निघाल्या, मग पाळणे.

लालबागेतलं हे आमचं प्रसूतिगृह. माझी मुलं इथेच झाली, मुलांची मुलंही इथेच. दुरुस्तीच्या नावाखाली बंद केलं आणि एक गवंडी काही फिरकला नाही. म्हणून चाळीतल्या बायांनी ठरवलं, जुने स्वेटर उसवायचे, घरटी एक टोपडं विणायचं आणि गेटाला बांधायचं. गेट असं भरलं की जाणारे येणारे थांबून बघायला लागले. पालिकेने टोपडी पोत्यात भरून नेली. बायांनी पुन्हा विणली.

मी तेवढी विणत नव्हते. आमची नातसून श्रेया दिवसांत होती. मूल हातात येण्याआधी त्याच्यासाठी काही विणायचं नाही, हे मीच सगळ्या पोरींना दटावत आलेय. मग मोर्चा असो नाहीतर आणखी काही. कमलाबाई मला हट्टी म्हातारी म्हणाली. म्हटलं, म्हण.

“आजी, बाजूला व्हा. मोठ्या हॉस्पिटलात सगळी सोय आहे,” साहेब म्हणाले.

“सोय आहे, पण पोचायचं कसं? पुलावर टॅक्सी अडकली की मूल थांबतं होय तुमच्या सिग्नलला? आता आमच्या चाळीतल्या आकांक्षाचे दिवस भरत आलेत. तिने काय करायचं?”

साहेबांना माझ्या हातातलं पांढरं टोपडं दिसलं. लगेच गोड झाले. “वा, काय सुरेख विणलंय! पतवंड यायचंय वाटतं?”

“येऊन गेलं.”

साहेब हसत होते, ते तसेच राहिले.

“करी रोडच्या पुलावर, टॅक्सीत. मुलगा होता. डोकं माझ्या या मुठीएवढं. हे त्याच्या मापाचं आहे. मूल झालं, मग विणलं. नेम मोडला नाही मी.”

ते मोबाइल बघायला लागले. हवालदारीणबाईने मला दंडाला धरून बाजूला घेतलं. हळूच धरलं, खोटं कशाला बोलू. टेम्पो गेला. पाळणे एकमेकांवर आपटत गेले.

कमलाबाई पदर तोंडाला लावून रडत होती.

“रडतेस काय गो? स्टूल आण.”

गेटाच्या एका गजाचं टोक झिजून गोल झालंय. त्याच्यावर टोपडं घातलं. बरोब्बर बसलं.

वॉचमन खालून म्हणाला, “आजी, वारा आहे. घट्ट बांधा, उडून जाईल.”

“मेल्या, मला शिकवतोस?”

मी टोपड्याचे बंद खाली ओढले आणि गाठ मारली. काचू नये म्हणून एक बोट जाईल एवढी जागा ठेवून.