तिच्या मापाचा स्टूल

मित्रांनो, मी एक जुना लाकडी स्टूल आहे, पण जुनेपणाचं मला दुःख नाही. लाकूड जुनं झालं की उलट मुरतं. माझं दुःख वेगळं आहे. ते तुम्हालाच सांगतो, कारण मोठी माणसं स्टुलाचं ऐकत नाहीत, नुसती त्याच्यावर चढतात.

माझा जन्म एका टोमण्यातून झाला. सुताराचं नुकतंच लग्न झालं होतं. सुतार ताडमाड, आणि बायको जेमतेम त्याच्या छातीला लागणारी. स्वयंपाकघरातल्या फळ्या त्याच्या आईच्या मापाने ठोकलेल्या, आणि आईही चांगली उंचनिंच. नव्या सुनेचा हात वरच्या फळीला पुरेना, तशा सासूबाई म्हणाल्या, "लग्नात उंच टाचांवर उभी होती वाटतं ही! आता साखर काढायला शिडी लावा."

सुताराने बायकोला ओट्यापाशी उभं केलं, हात वर करायला लावला, बोटांपासून फळीपर्यंतचं अंतर पेन्सिलीने भिंतीवर टिपलं आणि एका जुन्या दाराच्या लाकडातून मला घडवलं. तिच्या नडग्यांना लागू नयेत म्हणून माझे कोपरे गोल केले. ती पहिल्यांदा माझ्यावर चढली, साखरेचा डबा उतरवला आणि खाली बघत म्हणाली, "अहो, तुम्हाला टाळूवर टक्कल पडतंय. खालून दिसतच नव्हतं!"

"उतर. स्टूल परत दे," सुतार म्हणाला.

असा मी या घरात आलो आणि हसण्यानेच माझी सुरुवात झाली.

पुढची वर्षं मी तिच्या पायाखाली काढली. लेकीचे केस विंचरायचे तर लेक माझ्यावर. वाटाणे सोलायचे तर ती स्वतः माझ्यावर. शेजारची कोणी रडत आली, की तिला पाठ टेकायला खुर्ची द्यायची आणि आपण स्टुलावर बसायचं, हा तिचा रिवाज. "रडणाऱ्याला टेकायला काहीतरी हवं. मला काय, मी ऐकणारी," ती म्हणायची. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणातही ती माझ्यावरच बसून त्यांना भरवायची. सासूबाई म्हणाल्या होत्या, "बुटकी आहेस, पण पुरून उरलीस गं." ते वाक्य ती प्रत्येक पाहुण्याला ऐकवायची, सासूबाईंच्या आवाजाच्या नकलेसकट.

लेक शिकली, नोकरीला लागली, लग्न करून दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. तिला मुलगी झाली. कामावर जाताना ती पिटुकलीला आजीकडे सोडायची आणि सूचनांचा पाढा वाचायची. दार लाव, गॅस बघ, हिला पाण्याजवळ सोडू नकोस. शेवटची सूचना नेहमी माझ्याबद्दल असायची. "आणि आई, त्या स्टुलावर चढू नकोस गं. पडलीस तर?"

"तुला नऊ महिने पोटात घेऊन चढले होते मी यावर. पडले का?"

"डबे तरी खालच्या फळीवर ठेव."

"खाली ठेवलं की दिसतं, आणि दिसलं की संपतं. जा तू कामाला."

लेकीने दांडी असलेली घडीची शिडी आणून दिली. आजीने ती दाराआड उभी केली. "मी काय रंगारी आहे?" म्हणाली.

मित्रांनो, माणसं म्हातारपणी लाकडासारखी आटतात. तिची बोटं डब्याच्या कडेला जेमतेम लागू लागली, हे पहिल्यांदा मला कळलं, कारण माझ्यावर ती टाचा उचलू लागली. मग एके दिवशी पिटुकली तिच्या पाठीला पाठ लावून उभी राहिली, डोक्यावर हात ठेवून माप घेतलं आणि ओरडली, "आजी, तू लहान झालीस!"

आजी हसली. "मी नाही, तू मोठी झालीस, भवाने!" पण पिटुकली खेळायला गेल्यावर ती माझ्यावर बसून राहिली. बराच वेळ नुसती बसून. सुताराने ते दारातून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागल्यावर सुताराने मला मागच्या अंगणात नेलं, उलटं केलं आणि माझ्या चारी पायांना लाकडाच्या चकत्या बसवल्या. खुंटी मारून, सरस लावून, वरून तसाच रंग देऊन. संध्याकाळी ती चढली, डबा सहज हाताला लागला. तिचा चेहरा असा उजळला म्हणता! "बघा, म्हणे लहान झाले. काल नुसती कंबर धरली होती."

"मी कुठे काय म्हणालो?" सुतार म्हणाला.

ती आणखी आटली, त्याने आणखी चकत्या बसवल्या. मग पुन्हा. माझ्यावर चढताना तिला पाय जास्त उचलावा लागायचा, तर ती गुडघ्याला दोष द्यायची. "उंची शाबूत आहे, गुडघ्यानेच दगा दिला," असं शेजारणींना सांगायची. सुतार मान खाली घालून ऐकायचा.

आता जे सांगतो ते सुताराला सगळ्यांत आधी ठाऊक होतं. त्यानेच हाताखालच्या पोरांना हजारदा बजावलं होतं: उंची वाढवायची तर पाय फाकवायचे, नाहीतर वस्तू माणसाला पाडते. पण पाय फाकवले असते तर तिला दिसलं असतं. म्हणून त्याने ते सरळच ठेवले. एवढंच.

सकाळची वेळ होती. सुतार बाहेरच्या खोलीतून म्हणाला, "चहा टाकतेस का?" ती चढली. डबा फळीच्या कोपऱ्यात सरकला होता. ती बाजूला वाकली आणि माझे दोन पाय जमिनीवरून सुटले. "अहो" एवढंच म्हणाली. मी तिच्या शेजारीच आडवा पडलो होतो.

दवाखान्यात काय झालं ते मी घरातल्या बोलण्यातून ऐकलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. पडून पडून छातीत कफ साठला. ती परत आली नाही.

लोक भेटायला आले. "वय झालं होतं," म्हणाले. "तोल गेला बिचारीचा." मित्रांनो, तोल तिचा गेला नव्हता, माझा गेला होता. हे सांगू शकणारा माणूस तिथेच खुर्चीत बसला होता आणि प्रत्येकाला नुसती मान डोलावत होता. त्याने जेवण सोडलं. हत्यारांना गंज चढला. लेक रोज डबा आणायची आणि तसाच परत न्यायची.

एकदा ती म्हणाली, "बाबा, हा स्टूल मी टाकून देते. माझी पोर चढेल यावर." आणि तिने मला उचलून उलटं धरलं. पायांच्या तळाशी वेगवेगळ्या लाकडांचे थर होते, रंग उडालेले. ती बघत राहिली.

"हे काय आहे?"

सुताराने सगळं सांगितलं, तिच्याकडे न बघता. शेवटी म्हणाला, "मी पाडलं गं तिला."

लेकीने मला हळूच खाली ठेवलं आणि म्हणाली, "आईला माहीत होतं, बाबा. तिनेच मला सांगितलं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून गप्प बसायची."

हे खोटं होतं. तिची पावलं मी ओळखत होतो. तिला शेवटपर्यंत काहीही माहीत नव्हतं. पण क्षणभर मलाही वाटलं, ऐकेल का हा? मानेल का?

सुतार लेकीकडे बघून हसल्यासारखं करत म्हणाला, "तिला कळलं असतं, तर गप्प बसली असती होय? गल्लीभर सांगितलं असतं. जन्मभर चिडवलं असतं मला." मग म्हणाला, "मला कोणी चिडवलं नाही गं."

लेक रडली. तो रडला नाही. त्या दिवसापासून ती विषय काढत नाही आणि तो माझ्याकडे बघत नाही. मला कोणी टाकूनही दिलं नाही. मी अंगणाच्या कडेला ऊनपाण्यात उभा आहे. चकत्यांचा सरस सुटत चालला आहे.

मित्रांनो, मी कितीही बोललो तरी ती येणार नाही आणि सुताराचा घासही गोड होणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी तुमच्या घरी कुणाचे हात पुरेनासे झाले असतील, तर लपूनछपून त्यांना उंच करू नका. त्यांच्या डोळ्यांदेखत डबा खालच्या फळीवर ठेवा. ती माणसं चिडतील, बोलणं टाकतील, रुसून बसतील. रुसू द्या. रुसलेलं माणूस घरात तरी असतं.