देवळात लाल, धुण्यात लाल

बिरोबाच्या देवळात रविवारी सकाळी मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंडपात वर धरलेले मोबाईल आणि हवेत उधळलेला भंडारा, एवढंच दिसत होतं. फरशीवर हळदीचा थर साचला होता. मधोमध गादीवर निर्गुणनाथ महाराज बसले होते. पाटणच्या बाजूच्या डोंगरात त्यांचा अनाथ मुलांचा आश्रम आहे, असं ते स्वतःच सांगत होते. त्यांच्यापुढं नऊ वर्षांची समीक्षा बसली होती.

"बाळ, तुझे आईवडील वरून माझ्याशी बोलतात," महाराज म्हणाले.

वर नेटवर्क चांगलं असावं. आमच्या वाडीत टाकीवर चढल्याशिवाय विट्याला फोन लागत नाही.

महाराजांनी आधी समीक्षाच्या आत्याच्या, बयाबाईच्या, तळहाताला भंडारा चोळला आणि शिष्याच्या तांब्यातलं पाणी ओतलं. हात पिवळाच राहिला. मग तोच भंडारा समीक्षाच्या तळहाताला चोळून स्वतःच्या कमंडलूतलं पाणी ओतलं. पोरीचा तळहात लालभडक झाला.

"पाहा, हे मातेचं रक्त. ते बोललं. ती म्हणते, माझी लेक महाराजांच्या पायाशी द्या."

"बिरोबाच्या नावानं चांगभलं," गर्दी ओरडली. समीक्षा आपल्या हाताकडं बघत बसली होती. तिच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

मी शालन. इथल्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माहेर सांगलीकडचं, जैनाचं. त्यामुळं वाडीच्या देवाबद्दल मी तोंड उघडू नये अशी सगळ्यांची अपेक्षा असते. ती मी जमेल तेवढी पाळते. मला फार वेळ जमत नाही.

समीक्षाचे आईवडील सोनं गाळून शुद्ध करायच्या, गलाईच्या, कामासाठी परमुलखात होते. तिकडंच अपघातात गेले. पोर आत्याकडं आली. बयाबाईकडं काय, तर चार मेंढरं आणि दुखरे गुडघे. तेव्हा देवाच्या पंचांनी वार लावून दिले: रोज संध्याकाळी एका घरानं पोरीला जेवू घालायचं, कपडे-वह्या देवाच्या पेटीतून. मला ही गोष्ट मनापासून आवडायची. कुणाच्या अंगात न येता, कसलाही चमत्कार न होता, देवाच्या नावावर एक लेकरू पोटभर जेवत होतं.

पण हळूहळू लोक कंटाळले. आपला वार आला की नेमकं त्याच दिवशी पै-पाहुण्यांकडं जायचं आठवायला लागलं. आणि बरोबर अशा वेळी मातेचं रक्त बोललं. सगळ्यांची सोयच झाली.

"महाराज, आश्रमाला बालकल्याण समितीची मान्यता आहे का?" मी विचारलं.

"ताई, आईच्या मायेला मान्यता कोण देणार?"

लोकांनी माना डोलावल्या. सरपंच भाऊसो तंबाखू मळत म्हणाले, "म्याडम, देवाच्या कामात खो घालू नगा. सांजच्याला जीप येतीया. पोरगी जातीया."

दुपारी मी बयाबाईकडं गेले. ती धुण्याच्या दगडावर समीक्षाचा फ्रॉक घासत रडत होती. सकाळी भंडारा सांडला होता, तिथं साबण लागून फ्रॉक लाल झाला होता.

"बगा बाई, कापडावर बी खूण उठली. आता पाठवायलाच पायजे."

"बयाबाई, जत्रेनंतर धोतरं धुताना काय होतं?"

"लाल हुत्यात की. साबण लागला की भंडारा लालच हुतोय. दरवर्सी."

"मग?"

तिनं फ्रॉक पिळला. "आवं, पर त्ये धुण्यात. ह्ये देवळात झालं."

आता हसावं की कपाळ बडवून घ्यावं? मी चिडले. वाडीतल्या प्रत्येक बाईनं आयुष्यभर भंडाऱ्याची धुणी धुतलीत, आणि सकाळी मंडपात एकीलाही ते आठवू नये.

संध्याकाळी जीप आली. महाराज गादीवर, समीक्षा पिशवी घेऊन शेजारी. मी भाऊसोंकडं त्यांची चुन्याची डबी मागितली. सगळ्यांसमोर तांब्यात चुना कालवला, पाणी निवळू दिलं आणि त्यांच्या मुलाला, इंद्रजितला, पुढं बोलावलं. आठवीत माझ्याच वर्गात आहे. हाताला भंडारा चोळला, वरून पाणी ओतलं. तळहात लाल.

"झालं. ह्याची पण आई बोलली. बसवा जीपमध्ये."

"मी कुटं काय बोलली?" सरपंचीणबाई बायकांतून म्हणाल्या. पोरं खदाखदा हसली.

भाऊसो हसले नाहीत. "म्याडम, गंमत पुरी झाली. माझं पोरगं हाय त्ये."

"मग समीक्षा कुणाची?"

भाऊसोंनी मान खाली घातली.

"चुन्याचं पाणी आणि माझं तीर्थ सारखं समजता?" महाराज कडाडले.

"मग ते तीर्थ बयाबाईच्या हातावर ओता. सकाळी तिला शिष्याच्या तांब्यातलं का दिलंत?"

महाराजांनी कमंडलू छातीशी धरला आणि उठले. बयाबाई तशीच लंगडत पुढं झाली आणि तिनं कमंडलूची कडी धरली. ओढाओढीत तो फरशीवर पालथा झाला. पाणी जिथं जिथं पोचलं, तिथला भंडारा लाल होत गेला, पार गादीपर्यंत.

"हळदीला चुना, साबण, सोडा लागला की ती लाल होते," मी म्हणाले. "तिला आई मेलेली लागत नाही."

मोबाईल पुन्हा वर आले. महाराज त्याच जीपमधून एकटेच निघाले. मी टाकीवर चढून १०९८ ला, लेकरांच्या हेल्पलाइनला, फोन लावला, कारण आश्रमातल्या बाकीच्या लेकरांचाही प्रश्न होता. आता महाराजांची चौकशी सुरू आहे.

खाली आले तर समीक्षा मंडपातच उभी होती. "बाई, म्हंजी आई बोललीच न्हाई?"

मी तिच्यापुढं खाली बसले. "नाही गं बाळा. गेलेलं माणूस बोलत नाही."

तेव्हा ती रडली. बयाबाईनं तिला पोटाशी धरलं. तिला आई परत मिळाल्यासारखं वाटलं होतं. महाराजांनी ते खोटं दिलं, आम्ही सोयीचं म्हणून खरं मानलं आणि किंमत त्या पोरीनं मोजली.

म्हणून सांगते. कुणी चमत्कार दाखवला, तर आधी तो स्वतःच्या पोराच्या हातावर करून घ्या. तिथं तुम्हाला जी शंका येईल, तीच दुसऱ्याच्या पोरासाठीही येऊ द्या.