मागे न वळलेला बालरथ

मित्रांनो, मी एक जुना बालरथ आहे. रथ म्हटल्यावर घोडे शोधू नका. आमच्या गोव्यात शाळेच्या बसला बालरथ म्हणतात, एवढंच. पेडणे तालुक्यातल्या शाळेत मी नवाकोरा आलो, तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली आणि आरशाला झेंडूची माळ लागली. मुलांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या सीटांवर आपापली नावं कोरली. मला त्याचं कौतुकच वाटलं. आता माझा रंग उडालाय, मागचं दार आपटल्याशिवाय लागत नाही, तरी चढावर मी भल्याभल्यांना मागे टाकतो. बढाई वाटत असेल तर आमच्या वाटेवरच्या हळर्ण गावात कुणालाही विचारा.

माझा चालक प्रज्योत. हात असा हलका, की गिअर कधी पडला ते मलाही कळू नये. मुलांना चढवायला-उतरवायला चंद्रावतीबाय असायच्या. पोरांना दटावायच्या आणि खाऊही द्यायच्या. आम्हा तिघांचं छान जमलं होतं.

मग प्रज्योतला काहीतरी झालं. माझं चाक खड्ड्यात आदळलं की तो दचकायचा. "चंद्रावतीबाय, कोणाक लागूंक ना न्हय?"

"खड्डो रे तो! चल."

तो पुढे निघायचा, पण पुढच्या वळणावर मला फिरवायचा आणि पुन्हा त्या खड्ड्यापाशी न्यायचा. खाली उतरून रस्ता बघायचा, गवत बघायचा, माझी चाकं हाताने चाचपायचा. शाळेत मुलं उतरल्यावर सीटांखाली वाकून बघायचा, कुणी पोर आत राहिलं तर नाही ना. बघून झालं की पुन्हा बघायचा. माझ्या चाकांना ठाऊक होतं, की त्यांनी कधी मुंगळ्याहून मोठा जीव चिरडलेला नाही. पण मला बोलता कुठे येतं? त्या दिवसांत मला माझ्या मुकेपणाची फार चीड यायची.

प्रज्योतच्या आईने त्याची दृष्ट काढली आणि माझ्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. चार दिवसांत ती वाळून गेली. आमचं शाळेत पोचणं मात्र रोज उशिराच. प्रार्थना संपल्यावर मुलं धावत वर्गात शिरायची. मग एका पालकाने पुडी सोडली, की बालरथाचा ड्रायव्हर सकाळी सकाळीच घेतो. दारू, मित्रांनो! जो माणूस सोलकढीसुद्धा बेताने पितो, तो!

चंद्रावतीबायना मात्र खरी गोष्ट कळली होती. एका दुपारी त्या त्याच्या मागच्या सीटवर येऊन बसल्या. "म्हज्या भावाक अशेंच जाल्लें. हात धुवन धुवन कात सोलवटाली. म्हापशाक मनाचो दोतोर आसा. वच तूं."

"पिसो म्हणटले म्हाका," प्रज्योत म्हणाला. वेडा म्हणतील, याची त्याला धास्ती होती.

तरी तो गेला. परत आला तेव्हा चेहरा थकलेला, पण खांदे सैल झाले होते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं होतं, ओसीडी. त्यात नको असलेला विचार मनात घुसून बसतो. त्याला गप्प करायला माणूस तेच तेच तपासत राहतो, आणि तपासलं की विचार आणखी माजतो. औषध होतं, आणि दर गुरुवारी म्हापशाला जाऊन करायचे मनाचे सराव होते. प्रज्योत म्हणाला, "इतले दीस हांव म्हाकाच वायट मनीस समजतालों." हे बोलताना तो रडला. मलाही रडू आलं असतं, पण आमचं पाणी रेडिएटरमध्ये असतं.

आता शाळेला सांगायचं की नाही? सांगितलं तर नोकरी जाईल. मुलांच्या गाडीवर मनाने आजारी माणूस कोण ठेवील? नाही सांगितलं तर गुरुवारी जायचं कसं, आणि ती दारूची अफवा? प्रज्योतचं मन डळमळत होतं. पिणाऱ्याला निदान लोक समजून घेतात, असं तो एकदा म्हणालासुद्धा.

एका सकाळी मुख्याध्यापिका शालिनी टीचर स्वतः माझ्यात चढल्या. "प्रज्योत, खरें सांग. तूं पिता?"

'हय' म्हटलं असतं तर माफी मागून सुटका होती. माझं इंजिन बंद होतं, तरी मी थरथरलो असेन.

"ना, टीचर. म्हाका मनाचो आजार आसा." मग त्याने सगळं सांगितलं.

टीचरांनी मुलांच्या सीटांकडे पाहिलं. "भुरग्यांक कांय जावचें ना न्हय?"

"हांव कोणाक दुखयना, टीचर. दुखयतलों म्हूण भियेतां, तोच म्हजो आजार."

"तुज्या दोतोराकडेन हांव उलोवं?"

त्याने होकाराची मान हलवली. टीचरांनी डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत त्याला घरी थांबायला सांगितलं, आणि माझ्या नशिबी सर्वेश हा बदली चालक आला. चांगला मुलगा, पण गिअर असा ओढायचा की माझे दात खिळखिळे झाले! चंद्रावतीबाय रिकाम्या डोळ्यांनी बाहेर बघत असायच्या. प्रज्योत येणार की नाही, ते कुणालाच माहीत नव्हतं.

आणि एका सोमवारी तो हलका हात पुन्हा माझ्या स्टिअरिंगवर आला! गाडी चालवायला हरकत नाही, असं डॉक्टरांनी कळवलं होतं. टीचरांनी गुरुवारची दुपार मोकळी दिली. सीटांखाली एकदा बघायचं, ते सगळ्याच चालकांनी बघायचं असतं. दुसऱ्यांदा बघायचं नाही, असं ठरलं. आजाराची गोष्ट कुणाला सांगायची, ते त्याच्यावरच सोपवलं. पिण्याच्या गप्पा मात्र टीचरांनी पालकांच्या सभेत स्वतः बंद केल्या.

त्याच सकाळी हळर्णच्या उतारावर माझं पुढचं चाक धाडकन आदळलं.

"चंद्रावतीबाय, तो आवाज..."

धीराचं उत्तर द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बायना सांगितलं होतं, कारण त्या धीरावरच हा आजार पोसतो. बायनी पदर तोंडाशी धरला आणि त्याला पुढे बघायला सांगितलं. "म्हाका इचारूं नाका. फुडें पळय."

वळण जवळ आलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अरे, खड्डा होता रे! पण मी गप्प राहिलो, आणि पहिल्यांदाच मला माझ्या मुकेपणाची चीड आली नाही. स्टिअरिंग थरथरलं, पण फिरलं नाही. आम्ही शाळेत शिरलो तेव्हा प्रार्थना नुकती सुरू होत होती.

आजार अजून पुरता गेलेला नाही. एखाद्या दिवशी आम्ही मागे वळतोही. पण तसे दिवस कमी होत चाललेत.

मित्रांनो, कुणी तेच तेच विचारत असेल तर त्याला हसू नका, आणि ठाऊक नसताना तो पितो असंही म्हणू नका. त्याला डॉक्टरांची वाट दाखवा, जमलं तर सोबत जा. आणि माझ्यातून उतरलात की वळून प्रज्योतला हात करा. तो आरशात मागे बघतो अजून. तिथे त्याला तुम्ही हसताना दिसायला हवे.