गच्चीवरचे चौघे

त्याने जुन्या टूथब्रशने ग्लासच्या बाहेरून ग्लिसरीन शिंपडलं आणि थेंब नीट बसलेत ना, हे मान तिरकी करून पाहिलं. मग आत गार, बिनदुधाचा चहा ओतला आणि वरून प्लॅस्टिकच्या बर्फाचे दोन खडे सोडले. संध्याकाळच्या उजेडात जेवणाच्या टेबलावर ग्लास असा काही झळकला, की पाहणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी.

"हं, पी," तो लेकीला म्हणाला.

ती आरशासमोर कानात डूल अडकवत होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"चहा आहे. माहितीये मला, बाबा. लहानपणापासून बघतेय."

दारूच्या जाहिरातींच्या फोटोंसाठी ग्लास सजवण्यात त्याची हयात गेली होती. स्वतः कधी थेंब तोंडाला लावला नाही, पण आपण किती जणांच्या तोंडाला लावला असेल, हा विचारही त्याने कधी केला नव्हता. आता मात्र दोन दिवस त्याला अन्न गोड लागत नव्हतं. वर्गातल्या कुणाच्या तरी गच्चीवर आज मुलंमुली जमणार होती, मोठं माणूस घरात नसणार होतं, आणि बाटल्या असणार होत्या. हे लेकीनेच सांगितलं होतं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती. तिची आई गेल्यावर बाप-लेक या शहरात आले. नव्या शाळेत तिला आलेलं हे पहिलंच बोलावणं. आज गेले नाही तर पुन्हा कोण विचारणार, असं ती म्हणाली होती.

आणि तिच्या खोलीच्या भिंतीवर त्याच्याच हातची जाहिरात लावलेली. गच्चीवर चार जण, हातात ग्लास, एकमेकांच्या खांद्यावर रेलून हसताहेत. चोराला आपणच घरात घेतलं, असं त्याला वाटत होतं.

"सगळं खोटं असतं, बाळा. बर्फ खोटा, थेंब खोटे. दुरून डोंगर साजरे."

"तुझा ग्लास बघतंय कोण?" आता ती वळली. "मी ते चित्र ग्लासासाठी लावलंय होय? ते चौघं बघ ना, कसे हसतायत. मला त्यांच्यात जाऊन बसावंसं वाटतं. बस्स, एवढंच."

त्या चित्रात त्याला आजवर ग्लासच दिसले होते. माणसं म्हणजे ग्लास धरायला लागणारे हात. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, अशी त्याची गत झाली होती.

"ते एकत्र नव्हतेच," शेवटी तो म्हणाला.

"म्हणजे?"

"चौघांच्या तारखा जुळेनात. मग एकेकाला वेगळं उभं केलं आणि नंतर कॉम्प्युटरवर जोडलं. खांद्यावर हात दिसतो ना, तिथे तेव्हा लाकडी स्टँड होता. त्यातले कुणी एकमेकांना भेटलेसुद्धा नाहीत."

ती उठून खोलीत गेली आणि चित्रासमोर उभी राहिली. त्याला जीभ चावावीशी वाटली. ग्लास खोटा म्हणून सांगायला गेला, आणि पोरीची होती नव्हती ती चार माणसंच काढून घेतली.

"मग हसले कसे?" आतून आवाज आला.

"मी हसवलं. कॅमेऱ्याशेजारी डोक्यावर बादली घालून नाचलो."

"चौघांसमोर?"

"एकेकासमोर. चारदा."

तिला हसू आलं, पण ते टिकलं नाही. बाहेर येऊन ती चपला घालू लागली.

"जाणारच?"

"हो." ती पट्टा लावत राहिली. "त्या गच्चीवरचेही तसेच असतील ना, बाबा? एकेकटे. एखादी बिनग्लासाची बसली, तर कदाचित अजून कोणी बसेल."

"आणि नाही बसलं तर?"

"तर लवकर येईन."

"कुणी आग्रह केला तर?"

"नको म्हणेन. जड जाईल पहिल्यांदा," ती म्हणाली आणि त्याच्याकडे न बघता उठली.

दारात आडवं व्हावं असं त्याच्या फार मनात आलं. पण तो बाजूला झाला.

"कधीही फोन कर. मी येतो न्यायला."

"हो."

जिन्यावरची तिची पावलं विरली आणि घर एकदम मोठं झालं. त्याने फोन हातात घेतला, तो तिच्यासाठीच. पण आत्ताच तर गेली होती पोर. नुसताच तो नावं सरकवत राहिला. स्टुडिओवाला, लाइटवाला, काचसामानवाला. ज्याला कामाशिवाय फोन करावा असं एक नाव सापडेना. मग 'हसरा' आला. चित्रातल्या चौघांपैकी डावीकडून पहिला. त्याने बोट ठेवलं.

"बोला साहेब! कधी आहे शूट?"

"शूट नाही," तो चाचरत म्हणाला. "सहजच केला."

फोन कट झाला की काय म्हणून त्याने स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा कानाला लावला.

"बोला ना," हसरा म्हणाला. "सकाळपासून कुणाशी बोललो नाहीये."