चार बोटं बुटकी

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो. शाळेतली. आणि सुरुवातीलाच सांगून ठेवते, माझी कीव करायची असेल तर हे वाचणं इथेच थांबवा. माझे चारही पाय करवतीने कापलेले आहेत, माझ्या वेताला एका बाजूने झोळ आला आहे, आणि कोणी जरा हलून बसलं की मी करकरते. पण मी रडगाणं गायला आलेली नाही. मला एका गोष्टीवर भांडायचं आहे, आणि ते तुमच्या देखत भांडायचं आहे.

जन्मले तेव्हा मी चांगली उंच होते. एका सुतारकाकांनी जाड, मुरलेल्या लाकडातून मला घडवलं. बसणाऱ्याच्या मनगटाला टोचू नये म्हणून माझे हात त्यांनी घासून घासून गोल केले. वेताची बैठक विणायला काकू बसल्या होत्या. विणताना त्या काकांना म्हणत, "घट्ट ओढा हो जरा. शाळेत जायचीय ही. दिवसभर उभं राहून दमलेली माणसं बसतील हिच्यावर." ते ऐकून मला फार बरं वाटलं. शिकवून शिकवून घसा बसलेला एखादा शिक्षक माझ्यावर टेकेल, पाठ सैल सोडेल, चार शब्द मोकळेपणाने बोलेल, अशी स्वप्नं बघत मी हातगाडीवर चढले.

मला मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवलं. टेबलाच्या पलीकडे त्यांची गादीची खुर्ची, अलीकडे मी. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. आवाज मोठा, टेबल मोठं आणि राग तर विचारूच नका. काही दिवसांनी मोठ्या सरांना एक गोष्ट खटकू लागली. माझ्यावर बसलेला माणूस त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत असे. त्यांनी सुतारकाकांना बोलावून घेतलं.

"हिचे पाय चार बोटं कमी करा."

"का हो सर? डुगडुगते का?"

"डुगडुगत नाही, म्हणून तर. समोरचा माणूस जरा खाली बसला की बोलणं लवकर आटपतं."

काका माझ्या हातावरून हात फिरवत घुटमळले. "चांगली बेतात बसलीय सर. कशाला बिघडवायची?"

"सांगितलंय तेवढं करा."

करवत फिरली. दुखलं का, असं विचारू नका. दुखलंच. पण दुखण्याहून जास्त मला संताप आला. लाकूड वाळवीने खाल्लं तर ते नशीब म्हणून सोसता येतं. इथे धडधाकट खुर्चीला मुद्दाम थिटं केलं होतं, आणि तेही तिच्यावर बसणाऱ्याला थिटं करण्यासाठी.

त्यानंतर मोठ्या सरांचं राज्य वर्षानुवर्षं चाललं, आणि शाळेतला प्रत्येक शिक्षक कधी ना कधी माझ्यावर बसला. टेबलाची कड छातीला लागायची. मोठ्या सरांकडे बघायला मान वर करावी लागायची, आणि मान वर करून कुणाला ठामपणे बोलता येतं? चित्रकलेचे सर बाहेर व्हरांड्यात हसून खिदळून सगळ्यांना हसवणारे. माझ्यावर बसले की त्यांचा आवाज चिंधीसारखा व्हायचा. विज्ञानाच्या बाई हुशार, तोंडाने फटकळ. त्यांनाही माझ्यावर बसून "हो सर, चुकलं सर" याखेरीज काही सुचत नसे. माझे हात त्या इतके घट्ट धरत की त्यांच्या नखांच्या खुणा आजही माझ्या पॉलिशवर आहेत. बिचाऱ्यांना वाटायचं, आपलंच काहीतरी कमी आहे. मी करकरून करकरून सांगत होते, अहो, तुम्ही कमी नाही, माझे पाय कमी आहेत! पण खुर्चीची करकर कोण ऐकतं?

मोठे सर मात्र माझं कौतुक करायचे. पाहुण्यांना म्हणायचे, "ही खुर्ची मोठी गुणाची आहे. हिच्यावर बसला की कसलाही माणूस ताळ्यावर येतो." मित्रांनो, तुमच्या आत्मवृत्तांत जुन्या वस्तू आपलं कौतुक आठवून गहिवरतात. मला ते कौतुक आठवलं की आजही खिळे सैल झाल्यासारखं होतं.

मग मोठे सर निवृत्त झाले आणि विज्ञानाच्या बाई मुख्याध्यापिका झाल्या. आता त्या मोठ्या बाई. मला वाटलं, चला, सुटले. कसलं काय! पहिले काही महिने त्यासुद्धा गादीच्या खुर्चीत बसून तशाच बोलायला लागल्या. तसंच बोट टेबलावर आपटायचं, तसंच घड्याळाकडे बघायचं. दुसरं काही त्यांनी पाहिलंच नव्हतं ना. मला त्यांचा इतका राग आला की मी खिळा अडकवून एका पाहुण्याच्या विजारीची शिवण उसवली.

त्याच वर्षी पाचवीला नव्या बाई आल्या होत्या. वयाने लहान, गणित शिकवायच्या. त्यांच्या वर्गात गोंगाट फार. पलीकडच्या वर्गातून तक्रारी यायच्या, पालक कुरकुर करायचे. शेवटी शाळेच्या समितीचे अध्यक्ष येऊन मोठ्या बाईंना सांगून गेले, "सत्र संपायच्या आत या मुलीचं काय ते करा. मोठे सर असते तर एव्हाना घरी पाठवली असती."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत नव्या बाई आपल्या पायांनीच खोलीत आल्या आणि माझ्यावर बसल्या. "बाई, मी सोडते नोकरी. मला नाही जमत," एवढं बोलून त्यांनी मान खाली घातली. डोळे पुसायला हात वर केला तर कोपर टेबलाच्या कडेवर आपटलं. चांगलंच लागलं.

मोठ्या बाई काही बोलणार, तोच थांबल्या. टेबलावरून नव्या बाईंचं डोकं आणि खांदे एवढंच दिसत होतं. त्या बघतच राहिल्या. मग उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि म्हणाल्या, "उठा जरा." नव्या बाई घाबरून उठल्या. मोठ्या बाई माझ्यावर बसल्या. समोर टेबलाची ती ओळखीची कड. छातीला टेकलेली.

त्या ताडकन उठल्या आणि त्यांनी मला उलटं केलं. माझ्या पायांचे तळ उघडे पडले. ना रंग, ना पॉलिश, नुसत्या करवतीच्या रेघा.

"अगं बाई! कापलेत हिचे पाय!" त्या मटकन जमिनीवरच बसल्या. "इतकी वर्षं मला वाटायचं, या खोलीत आल्यावर मीच कशी एवढीशी होते. आणि आता तुम्हाला बसवलं मी इथे."

नव्या बाई रडता रडता हसल्या. मलाही हसू आलं, पण माझं हसू म्हणजे करकरच.

"नोकरी सोडायचं मागाहून बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "उद्या मी तुमच्या तासाला येते."

नव्या बाईंचा चेहरा उतरला. "तपासायला?"

"नाही हो. बसायला."

शिपाईमामांनी मला उचलून पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकामागे ठेवलं. किती वर्षांनी मी त्या खोलीबाहेर पडले होते! आणि गंमत बघा, मुलांच्या बाकांशी माझी उंची अगदी जुळली. मोठे सर वर्ग बघायला यायचे तेव्हा दारात उभे राहायचे, सगळ्यांच्या डोक्यांवरून बघायचे. मोठ्या बाई माझ्यावर बसल्या आणि त्यांना शेवटच्या बाकावरच्या मुलांना दिसतं तेवढंच दिसू लागलं.

तास संपल्यावर त्या नव्या बाईंना म्हणाल्या, "फळ्याचा खालचा अर्धा भाग मला दिसलाच नाही. मागच्या मुलांनाही दिसत नाही. तुम्ही उदाहरण वर सुरू करता आणि उत्तर खाली आणता. ती मुलं दंगा नाही करत, एकमेकांना विचारतात, खाली काय लिहिलंय म्हणून."

"आणि मला वाटायचं, ती माझी टर उडवतात," नव्या बाई पुटपुटल्या.

एवढ्यावर थांबल्या असत्या तरी चाललं असतं. पण मोठ्या बाईंच्या अंगात आता काहीतरी संचारलं होतं. "आता तुम्ही माझ्या तासाला बसायचं. आणि काय चुकलं ते मला सांगायचं."

सातवीचा विज्ञानाचा तास होता. बशीत पाणी, पाण्यात मेणबत्ती, तिच्यावर पेला ठेवला की पाणी पेल्यात चढतं, तो प्रयोग. मेणबत्ती पेटेना. काडी विझली, दुसरी विझली. मुलं फिदीफिदी हसायला लागली. मोठ्या बाईंचे कान लाल झाले. त्यांनी घाईघाईने पुस्तकातलं उत्तर सांगून टाकलं आणि तास उरकला. नव्या बाई माझ्यावर अवघडून बसल्या होत्या. मुख्याध्यापिकेला तिची चूक सांगायची? तोंडातून शब्द फुटेना.

"सांगा की," मोठ्या बाई म्हणाल्या. "मी काही खात नाही."

"मेणबत्तीचं काही नाही, बाई. पण पुढच्या बाकावरची मुलगी दोनदा म्हणाली, वात भिजलीय. तुम्हाला ऐकूच आलं नाही. तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तरही तुम्हीच देऊन टाकलंत."

मोठ्या बाईंनी मेणबत्तीची वात चिमटीत धरून पाहिली; ओलीच होती. त्यांना लागलं, ते मला कळलं. त्या म्हणाल्या, "खरंय. वीस वर्षं मी हेच करतेय."

त्या दिवसापासून शाळेत मला उसंत मिळेना. आज चित्रकलेच्या सरांकडे, उद्या भाषेच्या बाईंकडे. जो तो शिपाईमामांना गाठून विचारायचा, "मामा, बुटकी कुठेय?" शिक्षकांच्या खोलीत आता चहा पिता पिता आपापल्या बिघडलेल्या तासांच्या गोष्टी निघू लागल्या, आणि त्यावर चक्क हसूही येऊ लागलं.

सत्र संपत आलं तसे अध्यक्ष आले. मोठ्या बाईंनी त्यांना खोलीत बसवलंच नाही. "वर्गातच चला," म्हणून त्या त्यांना थेट पाचवीत घेऊन आल्या. बसायला मी. अध्यक्ष अंगाने भरलेले. खाली टेकता टेकता त्यांचे गुडघे पोटाशी आले. मोठ्या बाई शेजारी उभ्या राहिल्या. एव्हाना नव्या बाईंचा वर्ग खरंच सुधारला होता, आणि मला वाटलं, आता बघा म्हणावं!

पण तास बिघडला. अध्यक्षांना बघून नव्या बाईंनी खडू फळ्यावर जोरात दाबला. खडू तुटला. अपूर्णांकांच्या बेरजेत त्यांनी छेदांचीही बेरीज करून टाकली. "बाई, चुकलं," मागच्या बाकावरून एक मुलगी ओरडली आणि वर्गात गलका झाला. नव्या बाईंनी फळ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता या रडणार. पण त्या म्हणाल्या, "अरे, खरंच की. ये पुढे, तू सांग कुठे चुकलं."

अध्यक्ष तिथेच मोठ्याने म्हणाले, "बाईंनाच गणित येत नाही! झालं, मला बघायचं होतं ते बघितलं."

नव्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्यांची नेमणूकही अजून पक्की झालेली नव्हती, हे साऱ्या शाळेला ठाऊक होतं. आता "हो साहेब" म्हटलं की त्या सुटणार होत्या.

"तास बिघडला, साहेब," त्या म्हणाल्या. "माझाही बिघडला होता, सातवीत, मेणबत्तीचा. या बाईंनीच मला चूक दाखवली. एका बिघडलेल्या तासासाठी घरी पाठवायचं असेल, तर सुरुवात माझ्यापासून करा."

"माझा तर दर सोमवारी बिघडतो," दारातून आवाज आला. चित्रकलेचे सर होते. त्यांच्यामागे भाषेच्या बाई, आणि त्यांच्याही मागे शिपाईमामा.

अध्यक्ष लालबुंद झाले. "पुढे काही झालं तर जबाबदार तुम्ही!"

"मीच. तेच तर माझं काम आहे."

अध्यक्षांना तरातरा निघून जायचं होतं. पण माझ्यातून उठणं सोपं नाही. त्यांनी एकदा जोर लावला, दुसऱ्यांदा लावला, आणि मी, मित्रांनो, आयुष्यातली सगळ्यात मोठी करकर केली. सगळा वर्ग खो खो हसला. शेवटी ती मागच्या बाकावरची मुलगीच पुढे झाली. "आजोबा, हात द्या."

नव्या बाईंना कोणी काढलं नाही. मोठ्या बाईंची नेमणूक मात्र वर्षभर लटकत ठेवली, आणि त्या वर्षभरात त्यांनी एकदाही पडतं घेतलं नाही. अध्यक्षांनी काय केलं, तर सुतारकाकांना पाठवलं. अशा बुटक्या खुर्चीमुळे शाळेचं हसं होतं, पायांना ठोकळे जोडा आणि परत खोलीत ठेवा, असा हुकूम. काका आता थकले होते. माझे पाय कुरवाळत ते ठोकळे बसवू लागले, तोच वर्गातून नव्या बाई धावत आल्या. याच त्या, ज्यांच्या तोंडातून शब्द फुटत नसे.

"काका, हात लावू नका तिला. ती आमची आहे. तिला आहे तशीच राहू दे."

काकांनी ठोकळे पिशवीत टाकले आणि नुसता वेत घट्ट करून दिला; आता तो एका बाजूने पुन्हा सैलावलाय.

तर मित्रांनो, मला रंग देऊ नका, माझी पूजा मांडू नका. जुनी वस्तू जपा, असं सांगायलाही मी आलेली नाही. एवढंच करा. उद्या आपल्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत जा आणि समोरच्या खुर्चीत बसून बघा. टेबलाची कड छातीला लागली, तर घाबरू नका, आणि आपण लहान आहोत असं तर मुळीच समजू नका. उठा, आणि सगळ्यांच्या देखत ती खुर्ची उलटी करा.