कालवं फोडणारे हात

वैभवीची डबी पोरांना उघडत नव्हती, आणि त्याचा तिला कोण अभिमान. तारापूरच्या एमआयडीसीत पत्र्याचे डबे करणाऱ्या कंपनीत ती डिझाइनचं काम बघायची. औषधाच्या गोळ्यांसाठी डबी हवी होती. लहान मुलांना उघडता न येणारी, आणि प्लॅस्टिकचा कणही नसलेली, म्हणजे भंगारात गेली की सगळीच्या सगळी वितळून पुन्हा पत्रा व्हायला मोकळी. आता प्लॅस्टिक नाही, रबर नाही म्हटल्यावर खटका पत्र्याचाच करायचा, आणि पत्रा काही लाडीगोडीला बधत नाही. दोन्ही बाजूंचे खटके एकदम दाबायचे, दाबलेलेच ठेवायचे आणि अंगठ्यानं झाकण वर ढकलायचं. सालवडच्या अंगणवाडीतल्या पोरांनी ती डबी चावली, आपटली, एक पठ्ठ्या तर तिच्यावर बसला. डबी हूं की चूं करेना.

मग म्हाताऱ्या माणसांची पाळी. मुलांना उघडता कामा नये, पण म्हाताऱ्यांना उघडलीच पाहिजे, असा नियम होता. कंपनीतला रूपेश घिवलीचा, समुद्राकाठच्या मच्छीमारांच्या गावचा. तेव्हा पावसाळ्यामुळे मासेमारी बंद होती, गावातल्या वयस्कर बायका मोकळ्या होत्या. त्यानं त्यांना समाजाच्या हॉलमध्ये गोळा केलं. बायकांनी डब्या हातात घेतल्या आणि गप्पा मारता मारता टकाटक उघडून ठेवल्या. त्यातली हंसा, जी एरवी वैभवीच्या दारावर मासे घेऊन यायची, आत डोकावून म्हणाली, "आन आत काय नाय?" सगळे हसले. वैभवीचे साहेब, सुजीत सर, यांनी पेढे वाटले. जन्मभर खडकावरच्या कालवांची टणक शिंपलं फोडलेले ते हात होते, हे तेव्हा कुणाच्याच डोक्यात आलं नाही. वैभवीच्याही नाही, आणि ती तर स्वतःला मोठी शहाणी समजायची.

पहिली डबी तिनं घरी आणून आईला दिली. सुगंधाबाई मूळच्या साताऱ्याकडच्या. नवऱ्याच्या वीज केंद्रातल्या नोकरीमुळे इकडे आल्या आणि तो गेल्यावरही बोईसरलाच राहिल्या. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वैभवीनं स्वतः त्या डबीत भरल्या. डबी कशी आहे विचारलं की आई म्हणायची, फार छान आहे हो. लेक खूश.

पुढे वादळाचा इशारा आला, होड्या किनाऱ्यालाच राहिल्या, आणि त्याच आठवड्यात सुगंधाबाई मोरीजवळ चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, गोळ्या घेताय ना? घरी येऊन वैभवीनं डबी उघडली तर गोळ्या तशाच.

"हंसा येते ना, ती उघडून देते रोज," आई अपराध्यासारखी म्हणाली. "मासेच नाहीत, ती आली नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझी डबी ना गं ती."

वैभवीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. आपली आई एकटीच नाही, अशी वाकड्या बोटांची माणसं घरोघर असणार आणि त्यांच्या दारावर काही हंसा येत नाही, हे तिला आता लख्ख दिसत होतं.

तिनं आईची हकिगत सांगून सरांना काम थांबवायला सांगितलं. सुजीत सर वाईट माणूस नव्हते, पण साचे बनले होते, मशीन लागायचं होतं आणि माल परदेशी जायचा होता. खटका सैल केला तर पोरं उघडणार, म्हणजे सगळं पहिल्यापासून. शेवटी त्यांनीच तोडगा काढला. गुरुवारी गिऱ्हाईक कंपनीची माणसं येताहेत, त्यांच्यासमोर काकूंना आण. काकूंना उघडली नाही तर मी स्वतः काम थांबवतो. उघडली तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. वैभवीनं लगेच हो म्हटलं. आईला उघडणार नव्हतीच.

अडलं ते घरी. चार लोकांसमोर ये आणि हरून दाखव, असं आईला कुठल्या तोंडानं सांगायचं? ती एवढंच म्हणाली, की सरांना तू डबी उघडताना बघायचीय.

"तुझ्या नोकरीचं काही आहे का?" आईनं विचारलं.

"आहे थोडं," म्हणून वैभवी चहा टाकायला आत गेली. खरं सांगायची तेवढी एकच वेळ होती, आणि ती तिनं चहात घालवली.

गुरुवारी सुगंधाबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या. डबी मांडीवर घेऊन त्यांनी खटके दाबून पाहिले. बोटं घसरली. पुन्हा घसरली. वैभवीचा जीव भांड्यात पडला आणि त्या सुटकेचीच तिला लाज वाटली. तेवढ्यात आईनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं. मग त्या उठल्या. एका बाजूचा खटका टेबलाच्या कडेला टेकवला, दुसऱ्यावर तळव्याचा मनगटाकडचा भाग ठेवून सगळ्या अंगाचा भार टाकला आणि झाकणाला चक्क दात लावले.

टक् झालं.

"हंसानं शिकवलं," त्या धापा टाकत म्हणाल्या. "तू म्हणालीस तेव्हापासून रोज तालीम करत होते मी."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं तर मग, म्हणत सुजीत सर उठले. वैभवी म्हणाली, "सर, याला उघडणं नाही म्हणत." सरांनी हळूच तिच्या शब्दाची आठवण करून दिली. आणखी बोलायचं तर आईच्या देखत सांगावं लागणार होतं, की तू हरावीस म्हणून मी तुला इथे आणलं. आणि आई तर हसत उभी होती, परीक्षेत पहिली आल्यासारखी. वैभवीनं डबीचं झाकण लावलं.

परतताना रिक्षात आईनं उजवा हात पदराखाली धरला होता. वैभवीनं तो ओढून घेतला. तळवा काळानिळा पडला होता, बोटं मिटत नव्हती.

"जमलं ना गं मला?" आईनं विचारलं.

वैभवीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.

"जमलं," ती म्हणाली.